रात्रपाळीचा जवान आणि हिवाळ्यातील धाव

दिवाळीचे वहीपूजन उरकते, तुळशीचे लग्न लागते आणि मावळात थंडी उतरते. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचे लोणावळा पावसाळ्यात पर्यटकांचे असते. हिवाळ्यात मात्र ते पहाटे पळणाऱ्यांचे होते. वलवण, तुंगार्ली, कुरवंडे, भुशी या बाजूंच्या रस्त्यांवर उजाडण्यापूर्वीच कानटोपी घातलेली माणसे धावताना दिसू लागतात. डिसेंबरच्या आरंभी पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची आणि फेब्रुवारीत खुद्द लोणावळ्यातील ५० किलोमीटरांची टाटा अल्ट्रा असा या ऋतूचा क्रम आता बसून गेला आहे. आपल्या समाजातील कितीतरी तरुण आणि काही साठीचे गृहस्थसुद्धा त्यात उत्साहाने नाव नोंदवतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

या धावणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, की ज्याचे धावणे हा केवळ छंद नव्हे. तो म्हणजे अग्निशमन दलाचा जवान. दुकान वाढवून आपण झोपी जातो, तेव्हा तो जागा असतो. आणि आपण ताजेतवाने होऊन पहाटे बाहेर पडतो, तेव्हा त्याची पाळी संपत आलेली असते. त्याने सराव करावा केव्हा, झोपावे केव्हा आणि घरच्यांना वेळ द्यावा केव्हा, हा आजच्या लेखाचा विषय. आपण व्यापारी माणसे. आपल्या गोदामाची किल्ली जशी विश्वासू माणसाकडे असते, तशी त्याची सुरक्षितता या जवानाच्या छातीत आणि पायांत असते. म्हणून हा विषय आपल्याही खात्यावरचा आहे.

प्रथम मावळातील जवानाचे वर्ष कसे असते ते पाहू. जून ते सप्टेंबर हा अतिवृष्टीचा काळ. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. झाडे कोसळणे, पाणी शिरणे, दरड येणे, धबधब्यात माणसे अडकणे, अशा वर्द्या या दिवसांत येतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ती घटना अजून कोणी विसरलेले नाही. फेब्रुवारीनंतर डोंगरांवरचे गवत वाळून कोळ होते आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. पुढे उन्हाळ्यात विजेच्या तारांवरचा भार वाढतो, गोदामे तापतात. मध्ये उरतो तो हिवाळा. शरीर कमवायचे, दमसास वाढवायचा, तर हेच तीन महिने हाताशी असतात. तेही पूर्ण मोकळे नसतात. नाताळ व ३१ डिसेंबरची गर्दी, शनिवार-रविवारी घाटात तुंबणारी वाहने आणि द्रुतगती मार्गावरचे अपघात हे चालूच असतात.

आता कोणी विचारील, आग विझवण्याचा आणि दहा-वीस किलोमीटर धावण्याचा संबंध काय? भरती होताना ठरावीक वेळेत धावणे, शिडी चढणे, मानवी पुतळा खांद्यावर वाहून नेणे अशा परीक्षा होतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण खरे उत्तर एका साध्या गणितात आहे. धुरात शिरताना जवान पाठीवर हवेचे नळकांडे घेतो. सर्वत्र वापरात असलेल्या ६.८ लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने, ढोबळ हिशेबाने, २,००० लिटर हवा मावते. माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेत असेल, तर ती ५० मिनिटे पुरते. तोच माणूस धापा टाकीत ८० लिटर घेऊ लागला, तर २५ मिनिटांत संपते. आणि परतीच्या वाटेसाठी काही हवा शिल्लक ठेवावीच लागते. म्हणजे नळकांडे तेच, हवा तीच. पण ज्याची छाती सरावलेली आहे त्याच्याजवळ शोध घेण्यास अधिक मिनिटे असतात. जिन्यावरच्या खोलीत कोणाचे मूल अडकले असेल, तर त्या मिनिटांची किंमत कोणत्या वहीत मांडायची?

दुसरे कारण हृदयाचे. हेल्मेट, जाड कोट, बूट आणि हवेचा संच मिळून वीस-पंचवीस किलो वजन अंगावर असते. घंटा वाजताच गाढ झोपेतून उठून माणूस काही क्षणांत गाडीत बसतो आणि त्याच्या नाडीचे ठोके एकदम चढतात. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळातील अग्निशमन जवानांच्या सेवेतील मृत्यूंचा अभ्यास हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. सेवेत असताना झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने झाले होते. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा एकूण वेळेपैकी १ ते ५ टक्केच वेळ जातो. परंतु हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळी घडले. ज्वाळांनी नव्हे, तर हृदयाने दगा दिल्याने हे लोक गेले. संथ, नियमित धावणे हृदयाला या अचानक भाराची सवय लावते. म्हणून हिवाळ्यातील धाव ही जवानासाठी हौस नसून विम्याचा हप्ता आहे.

येथवर सरळ आहे. अडचण येते ती रात्रीची.

बँकेच्या नोकरीतील पहिली वर्षे हाताने खतावण्या लिहिण्याची होती. ३१ मार्चला वार्षिक खातेबंदी करताना मध्यरात्र उलटून जाई. आमच्या शाखेत एक दंडक होता: रात्री बारानंतर केलेली बेरीज सकाळी दुसऱ्या माणसाने तपासल्याखेरीज ग्राह्य धरायची नाही. फरक नऊने भागला जात असेल, तर कोठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे, हे प्रत्येक जुन्या कारकुनाला ठाऊक असे. आणि अशा अदलाबदली उत्तररात्रीच अधिक निघत. ५४ च्या जागी ४५ लिहिणारा माणूस आळशी नसे, अजाण नसे. त्याच्या मेंदूने दुकान वाढवलेले असे, इतकेच.

या अनुभवामागचे शास्त्र आता पुरेसे उलगडले आहे. शरीराच्या पेशींत दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते कसे चालते हे शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तररात्री तीन ते पाचच्या सुमारास देहाचे तापमान उतरते, सावधपणा मंदावतो. भोपाळची वायुगळती २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली, चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला. या दुर्घटनांची कारणे अनेक होती, पण जग झोपलेले असताना कामावर असणाऱ्यांवर किती मोठा भार असतो, हे त्या घड्याळी वेळा सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आणि २०२२ मध्ये अग्निशमन जवानाच्या व्यवसायाला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. ज्याच्या पाठीवर ही दोन्ही ओझी आहेत, त्याला झोप तोडून धाव घे असे सांगणे हे शहाणपणाचे नव्हे.

सकाळच्या फेरफटक्यात मला कधी कधी एक तरुण जवान भेटतो. एकदा तो धावण्याऐवजी सावकाश चालत होता. मी सहज विचारले, “काय रे, आज पळणे नाही?” तो म्हणाला, “नाही काका. रात्री दोन वर्द्या झाल्या, डोळ्याला डोळा नाही. आज पळालो तर पाय पळतील, मी नाही. घरी जाऊन झोपतो, सायंकाळी बघू.” मी म्हटले, “स्पर्धा तर तोंडावर आली.” तो हसला. “काका, स्पर्धा वर्षातून एकदा असते. पाळी परवा पुन्हा आहेच.” एवढ्या तरुण वयात एवढा विवेक, याचे मला कौतुक वाटले. पुढे त्याच्याशी आणि इतरही पाळीवाल्यांशी बोलून जे समजले, ते येथे नीट मांडतो.

धावण्याच्या सरावाची जी तक्ते सर्वत्र मिळतात, ती सात दिवसांच्या आठवड्यावर बेतलेली असतात. रविवारी लांब धाव, सोमवारी विश्रांती वगैरे. जवानाचा आठवडा सात दिवसांचा नसतो. काही ठिकाणी आठ तासांच्या तीन पाळ्या असतात, काही ठिकाणी बारा तासांच्या दोन. परदेशात अनेक दलांत २४ तास सेवा आणि ४८ तास सुटी, अशी तीन दिवसांची फेरी चालते. ही फेरी घेऊन हिशेब करू. डिसेंबर ते फेब्रुवारी हे ९० दिवस धरले, तर त्यांत रविवार येतात बारा-तेरा. तीन दिवसांच्या फेरीत रविवार एकदा सेवेचा येतो, एकदा जागरणानंतरचा आणि एकदाच खऱ्या अर्थाने मोकळा. म्हणजे रविवारवर बेतलेला तक्ता तीनपैकी दोन वेळा मोडणार आणि मोडल्याची रुखरुख लागणार. उलट सराव फेरीवर बेतला, तर ९० दिवसांत ३० फेऱ्या होतात. दर तिसऱ्या फेरीच्या मोकळ्या दिवशी एक लांब धाव ठेवली, तरी हंगामात दहा लांब धावा पदरात पडतात. बारा-तेरा रविवार मिळणाऱ्या नोकरदारापेक्षा दोन-तीनच कमी! कमतरता वेळेची नव्हती, पंचांग चुकीचे धरले होते.

या फेरीतील तीन दिवसांचे तीन स्वभाव असतात. सेवेच्या दिवशी दमवणारी धाव घ्यायची नाही. अंग मोकळे करण्यापुरती वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. दमलेले पाय घेऊन सेवेवर जाणे म्हणजे गावाच्या ठेवीतून स्वतःच्या हौसेसाठी उचल करणे होय. जागरणानंतरच्या दिवशी आधी झोप. सायंकाळी चालणे किंवा बोलता बोलता जमेल इतकी हलकी धाव. मोकळ्या दिवशी मेहनतीचे काम: कधी चढण, कधी अंतर. मावळात चढणीला तोटा नाही. लोहगडची वाट आहे, कुरवंड्याकडचा रस्ता आहे. शिडी आणि जिने चढणाऱ्या माणसाला सपाट रस्त्यावरच्या वेगापेक्षा चढणीवरचा दमसास अधिक उपयोगी.

तळेगाव, चाकण, वडगावच्या कारखान्यांत पाळी आठवड्याने बदलते. आपल्या घरांतील काही मुले तेथे अभियंते आहेत, सुना-मुली रुग्णालयांत डॉक्टर आहेत. त्यांनाही हे लागू पडते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात झोप पुरी करूनही दुपारी दोनपर्यंतचा वेळ मोकळा असतो, म्हणून लांब धाव त्या आठवड्यात ठेवावी. पहिल्या पाळीत सायंकाळी मध्यम धाव जमते. रात्रपाळीच्या आठवड्यात केवळ राखण करावी. कमावण्याचा हट्ट धरू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रात्रपाळीत तो १५० च्या काठावर राहिला आणि दुसऱ्या पाळीत ३०० कडे गेला, तरी महिन्याची बेरीज जुळते. आवर्ती ठेवीचा हप्ता एखाद्या महिन्यात उशिरा भरला म्हणून खाते बुडत नाही. मात्र मुद्दलच काढून खाल्ले तर बुडते. येथे मुद्दल म्हणजे झोप.

झोपेसंबंधी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. रात्रपाळी संपवून घरी येताना डोळ्यांवर ऊन कमी पडेल असे पाहावे. खोली काळोखी आणि थंड ठेवावी. घरातील मंडळींनी त्या वेळेपुरते दाराची घंटा व फोन आवरावेत. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेला कडक चहा सकाळी नऊलाही निम्मा अंगात असतो, म्हणून पाळीच्या उत्तरार्धात तो टाळावा. खाण्याचेही तसेच. सूर्यास्तापूर्वी जेवणे आपल्या घरांतून अंगवळणी पडलेले आहे. रात्रपाळीच्या माणसाला ते नेहमी साधत नाही, पण त्यातील तत्त्व त्याच्याही उपयोगाचे आहे. मुख्य जेवण पाळीपूर्वी करावे आणि मध्यरात्रीनंतर पोटावर जड भार टाकू नये. धावण्यापूर्वी दूर कशाला जायचे? गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा आणि पाणी पुरते. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी विसरू नये.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतरच उगवतो आणि घाटमाथ्यावर धुके असते. तेव्हा अंधारात धावताना फिकट रंगाचे, उजेडात चमकणारे कपडे घालावेत आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरची जड वाहने धावणाऱ्यासाठी थांबत नाहीत. थंड हवेत पहिली दहा मिनिटे चालून मगच वेग धरावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी हंगामाच्या आरंभी हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दाटणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे असली, तर तो दिवस धावण्याचा नव्हे, वैद्याकडे जाण्याचा समजावा.

हे सगळे जवानाने करावे, मग आपण काय करावे? त्यासाठी दोन तारखा आठवाव्या लागतात.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या, सोने होते आणि सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळाही होता. कापूस धुमसू लागला, जवान विझवायला गेले आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात कामी आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. व्यापारी म्हणून आपण या घटनेकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. जे एकत्र ठेवू नये ते एकत्र ठेवले गेले होते, आणि त्याची किंमत जे विझवायला गेले त्यांनी मोजली.

दुसरी तारीख अगदी आपल्या दाराजवळची. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे गावाच्या पुलावर, द्रुतगती मार्गावर, एक टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले. चार जीव गेले. ज्या मार्गाने आपला माल दररोज मुंबईस ये-जा करतो, त्याच मार्गावर ज्वाळांसमोर उभे राहण्याचे काम त्या दिवशी अग्निशमन जवानांच्या वाट्याला आले. असा प्रसंग पूर्वसूचना देऊन येत नाही. तो जवानाच्या ताज्या दिवशी येईल की सलग दुसऱ्या जागरणाच्या दिवशी, हे कोणाच्या हाती नाही. हाती आहे ते इतकेच, की त्याचे जागरण विनाकारण वाढू नये.

म्हणून माझ्या मते जवानाच्या तंदुरुस्तीचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या निश्चयावर टाकणे न्याय्य नाही. केंद्रात गाडीच्या धुरापासून दूर, शांत अशी विश्रांतीची खोली असणे. वर्षातून एकदा हृदय व फुप्फुसांची तपासणी होणे. व्यायामाला जागा असणे. मनुष्यबळ इतके असणे की एका माणसाला लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागू नयेत, या गोष्टी दल चालवणाऱ्या संस्थांनी पाहायच्या आहेत. आपल्यातील अनेक जण नगरपरिषदेत, व्यापारी संघटनांत, विश्वस्त मंडळांत मानाच्या जागी आहेत. धावण्याच्या स्पर्धेत पदकांना व टी-शर्टांना देणगी देताना, त्याच रकमेतील काही भाग आपल्या गावच्या केंद्रातील जवानांच्या वैद्यकीय तपासणीसाठी द्यावा, असे सुचवावेसे वाटते. फलकावर नाव येणार नाही. पण उपयोग मोठा होईल.

आणि आपल्या दुकानाचे काय? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ज्या इमारतींना लागू आहे, त्यांच्या मालकांनी वा भोगवटादारांनी आपली अग्निरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. हे प्रमाणपत्र पुष्कळ ठिकाणी कागद म्हणून घेतले जाते. कागद फाइलीत राहतो आणि अग्निशामक नळकांडे गोणीमागे दडलेले असते. विजेच्या मीटरपाशी खोकी रचलेली, मागचे दार मालाने बंद, जिन्याखाली रद्दी, हे चित्र आपल्या बाजारपेठांतून नवे नाही. अशा दुकानात रात्री तीनला वर्दी आली, तर वाट शोधण्यातच जवानाची हवा खर्च होते. वर मांडलेल्या २५ मिनिटांपैकी दहा मिनिटे आपण रचलेल्या खोक्यांनी खाल्ली, तर त्याने तीन महिने पहाटे केलेल्या सरावाची कमाई आपण एका रात्रीत उधळली, असाच त्याचा अर्थ.

तेव्हा या हिवाळ्यात एक काम करावे. जानेवारीतील प्रमाणपत्राच्या निमित्ताने स्वतः टॉर्च घेऊन, दिवे मालवून, दुकानाच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालून पाहावे. कोठे पाय अडखळतो, ते टिपून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढी जागा मोकळी करावी. १०१ हा क्रमांक गल्ल्याजवळ ठळक लिहून ठेवावा आणि नोकरांना तो पाठ करून घ्यावा. आपल्या गोदामात रात्रीचा राखणदार असेल, तर त्याची दिवसाची झोप दुपारच्या किरकोळ कामांसाठी मोडू नये. जवानाविषयी जे म्हटले, ते त्यालाही लागू आहे. यासाठी एक सायंकाळ पुरे होते.